चहाची वेळ बदलली तर लोह अंगी लागेल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वयात येणाऱ्या मुलींच्या रक्तक्षयाचा विषय निघाला की बोलणे पालेभाजी, बीट आणि डाळिंबावर येऊन थांबते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे आढळले. हा आकडा केवळ पालेभाजी न खाण्याचा नाही. खाल्लेले लोह अंगी का लागत नाही, हे घराघरांत कळायला हवे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते, मुलाला २२. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे ६ मिलिग्रॅम मिळते, मूठभर मटकीतून दोन-अडीच. म्हणजे मुळात ताटातच तूट असते. त्यात धान्य-कडधान्यांतील लोहाचा जेमतेम दहावा भाग, अनेकदा त्याहूनही कमी, शरीरात शोषला जातो. जेवणासोबत चहा घेतला तर त्यातले टॅनिन या थोडक्या शोषणालाही निम्म्याहून अधिक कात्री लावते. सकाळी चहात चपाती बुडवून शाळेला पळणाऱ्या मुलीचे नेमके हेच होते. चहा सोडवत नसेल तर निदान खाण्याआधी आणि नंतर तासभर तरी घेऊ नये.

उलट काम ‘क’ जीवनसत्त्व करते. मटकी आठ तास भिजवून, फडक्यात बांधून दिवसभर ठेवावी. मोड आल्यावर शोषणाला अडवणारे फायटेट कमी होते आणि ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. मात्र ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून उसळ फार शिजवू नये आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे. डब्यात लिंबाची फोड वेगळी द्यावी, मुलांनी ती खाताना पिळावी. मधल्या सुट्टीत बिस्किटांऐवजी पेरू, हिवाळ्यात आवळा. पेरू महागडा नाही आणि त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त ‘क’ असते. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह तिच्यात उतरते, चिंच-टोमॅटोसारखे आंबट असेल तर अधिक. पण शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते. मांसाहारी घरांत मटण, कलेजी, मासे यांतले लोह सहज शोषले जाते आणि सोबतच्या भाकरीतलेही शोषायला मदत करते.

बीट आणि डाळिंब जरूर खावे, पण रक्तासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही.

दूधही लागतेच, हाडे याच वयात भरतात. पण कॅल्शियम लोहाच्या आड येते, म्हणून दुधाचा पेला रात्री झोपताना द्यावा, जेवणासोबत नको.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, मग मुली गुपचूप फेकून देतात. म्हणून शिक्षकांनी ती जेवणानंतर, पाण्यासोबत, आपल्यासमोर घ्यायला लावावी. शौचाचा रंग काळा होतो हे आधीच सांगावे, कारण घाबरून गोळी बंद करणाऱ्याही अनेक असतात. वर्षातून दोनदा घ्यायची जंताची गोळीही चुकवू नये.

मुलगी सतत थकलेली असेल, जिना चढताना दम लागत असेल किंवा पाळीत रक्तस्राव फार होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी सुरू करावी आणि आकडा सुधारल्यावरही, ते सांगतील तोवर, बंद करू नये. शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

आपले,
शालेय मुलांच्या आहारावर काम करणारे आहारतज्ज्ञ