पंपाची मोटर आणि चढणारी बोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वॉटर पार्कमधल्या चढावर जाणाऱ्या बोटींवरचा लेख वाचला. 'घसरगुंडीखालचे शक्तिशाली चुंबक बोटीला वर खेचून घेतात' असं त्यात लिहिलंय. दापोलीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे हे काही पचनी पडेना. बोटीच्या तळाला अॅल्युमिनियमचा पत्रा असतो, आणि जोर त्याच्यावरच बसतो. घरातल्या अॅल्युमिनियमच्या टोपाला चुंबक लावून बघा, चिकटतो का!

तिथे असते ती लिनियर इंडक्शन मोटर. म्हणजे आपल्याकडे विहिरीवर वाडी शिंपायला लावतात त्याच जातीची थ्री फेज मोटर, टेस्लाने 1888 मध्ये जिच्या मूळ तत्त्वाचं पेटंट घेतलं ती. तिचा स्टेटर, म्हणजे कॉइल भरलेला बाहेरचा स्थिर भाग, उभा चिरून गुंडाळलेल्या चटईसारखा उलगडला आणि चढाखाली अंथरला, की झालं काम. पत्रा हा तिचा रोटर, म्हणजे हलणारा भाग.

जळालेला स्टेटर नव्याने भरला, की रोटर घालण्याआधी आम्ही आत बेअरिंगची गोळी सोडतो आणि कमी व्होल्टेजवर तिन्ही फेज देतो. गोळी आतल्या भिंतीला धरून गरागरा फिरते. एखादी कॉइल उलटी जोडली गेली असेल तर अडखळते, जागच्या जागी थरथरते. दोन वायरी आपसात बदलल्या की उलटी धावते. कोल्ड्रिंकचा रिकामा अॅल्युमिनियमचा डबा दोऱ्याने आत सोडला, तर तोही फिरतो. तिन्ही फेज पाळीपाळीने जोर धरतात, म्हणून स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र पुढे पुढे सरकतं, त्याने पत्र्यात करंट तयार होतो आणि तो करंट पत्र्याला क्षेत्रामागे पळवतो. पत्रा नेहमी थोडा मागेच राहतो. म्हणून तर मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या मोटरच्या प्लेटवर 2880 वगैरे लिहिलेलं असतं. पाणी आणि फायबर मध्ये आल्याने क्षेत्र अडत नाही, पण अंतर वाढतं. पंपात रोटर-स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या आतली. बोटीखाली ती कितीतरी मोठी, म्हणून करंटही जास्त ओढला जातो.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हॉलिडे वर्ल्डमध्ये 2010 साली 'वाइल्डबीस्ट' नावाची अशी राइड सुरू झाली, लांबी 520 मीटरच्या आसपास. त्याच्या कितीतरी आधीपासून टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या पार्कात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माणसांना चढावर ढकलत. फवारा म्हटला की पंप आलेच. फवाऱ्यापेक्षा मोटरची पद्धत मला तरी नेटकी वाटते. ड्राइव्हवरून (मोटरला वीज देणारं नियंत्रक यंत्र) विजेची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त केली की वेग बदलतो, आणि बोट चढावर नसेल तेव्हा तेवढ्या टप्प्याची वीज बंद ठेवता येते.

मग माझा मुद्दा काय? हे चुंबकाचं काहीतरी अद्भुत आहे असं समजून आपण बसलो, तर विचारायचे प्रश्न राहून जातात. अशी राइड उद्या आपल्या किनाऱ्यावर आली, तर तिची दुखणी मोटरचीच असणार. जूनमध्ये इथे एक फेज कधी जाईल याचा भरवसा नाही. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. तीनपैकी एक फेज गेला की ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि क्षेत्र सरकायचं थांबतं. जनरेटर चालू व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात चढावरची बोट मागे घसरते. त्या वेळी मागून दुसरी बोट आलेली असली तर? पुढची बोट चढ पार करून गेल्याशिवाय मागची सुटताच कामा नये, आणि हे काम शिट्टी घेऊन उभ्या केलेल्या पोराच्या नजरेवर न सोडता सेन्सरवर असावं. घसरून खोलगटात अडकलेल्या माणसांना उतरायला बाजूने पायऱ्या हव्यात.

दुसरं, खारी हवा. हर्णैहून दुरुस्तीला येणाऱ्या मोटरींची टर्मिनल पेटी उघडली की आत हिरवट पूड दिसते. कॉइलवरचं वार्निश वरून चकचकीत आणि मेगर (तारेचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) लावला तर रीडिंग तळाला. इथे तर वर पाणी, शेजारी ओली माणसं. पावसाळ्यानंतर राइड पुन्हा सुरू करण्याआधी प्रत्येक कॉइलचं मेगर रीडिंग आणि अर्थिंगची तपासणी विद्युत निरीक्षकांसमोर व्हावी आणि त्याचा कागद तिकीट खिडकीवर लावावा, अशी माझी सूचना आहे. लेखात राइडचा वेग आणि उंची तेवढी दिली होती. पुढच्या वेळी वार्ताहराने पार्कवाल्याला एवढं जरूर विचारावं: शेवटचं मेगर रीडिंग कधी घेतलं, आणि किती आलं?

आपला,
एक मोटर वाइंडर, दापोली