पर्सेंटाइल कुठून आले, तेही वाचा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

देवगड तालुक्यातल्या एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवतो. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी पेपरात एकच बातमी असते: कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ ला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, आमचा ९६.७४. त्याच्या आदल्या वर्षी आमचा ९७.५१. रत्नागिरीला मंडळ सुरू झाल्यापासून हा नंबर कोणी आमच्याकडून घेतलेला नाही. मग जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा निकाल येतो आणि पेढे वाटलेल्या त्याच घरांत सामसूम होते.

अशाच एका जूनमध्ये आंब्याच्या बागेत राखणीला असणारे एक पालक माझ्याकडे आले आणि आपल्या मुलीबद्दल म्हणाले, "सर, चेडवाक ८९ टक्के पडले, मगे ॲडमिशन खंय अडला?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर लिहायला बसलो, तर त्यातला बराचसा भाग त्यांना नाही, तुम्हालाच सांगण्यासारखा निघाला.

इंजिनिअरिंगला बारावीचे गुण म्हणजे निव्वळ उंबरठा. खुल्या गटाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात, ४५ टक्के मिळाले की तो ओलांडला. आत गेल्यावर ८९ वाला आणि ४६ वाला सारखेच, कारण पुढची रांग सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत त्यावर. पीसीएमला चार लाखांवर मुलं बसतात, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांहून जास्त पोरं. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या नामांकित कॉलेजांच्या मागणीच्या शाखांमध्ये भांडण ९९ च्या पुढच्या दशांशांवर चालतं.

त्या मुलीचं नाव लिहीत नाही. एप्रिलमध्ये तिच्या वडिलांच्या मालकाच्या पॅकिंग शेडमध्ये गेलो होतो. ती गवताच्या थरावर पाच डझनी पेटी भरत होती आणि पेटीच्या फळीला मोबाइल टेकवून सराव परीक्षा सोडवत होती. नेटवर्क शेडच्या त्याच कोपऱ्यात येतं. प्रश्न होता, भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळतो, त्याचं त्वरण किती? हात ओढणीला पुसून तिने पेटीत घालायच्या रद्दी पेपरच्या कोऱ्या कडेवर सोडवायला घेतलं. आधी बलांची आकृती, मग जडत्व आघूर्ण, मग टॉर्क, ओळीखाली ओळ, अक्षर मोत्यासारखं. उत्तर जी साइन थीटाच्या पाच सप्तमांश, अगदी बरोबर. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटं, म्हणजे एकाला १०८ सेकंद. क्लासमधल्या मुलाला ते पाच सप्तमांश पाठ असतं, तो उतार बघून थेट पर्याय दाबतो. आणि आम्ही दोन वर्षं वर्गात काय शिकवतो? बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, म्हणून पायऱ्या. मुलगी मी शिकवलं तेच करत होती. त्या दिवशी शेडमधून परतताना मला माझाच राग आला होता.

तिला ९१ पर्सेंटाइल आले. दहावीला तिच्याच वर्गात असलेल्या, तिच्यापेक्षा चार टक्के कमी मिळवलेल्या मुलाला ९८ च्या वर आले. त्याचे वडील बँकेत आहेत. त्यांनी त्याला दोन वर्षं पुण्याला 'इंटिग्रेटेड'ला ठेवलं होतं. नाव एका कॉलेजात, हजेरी कागदावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, दर रविवारी कम्प्युटरवर पूर्ण पेपर. मुलगा गुणी आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचा आकडा खोटा नाही, आणि त्याला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण त्याच्या ९८ मध्ये शंभर-एक सराव पेपर आहेत आणि तिच्या ९१ मध्ये मोबाइलवरचे सात-आठ. हे तुमच्या मेरिट लिस्टमध्ये कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

सीईटी बंद करा, असं मी म्हणत नाही. बोर्डाच्या गुणांचं आतलं मला माहीत आहे. प्रॅक्टिकलच्या ३० पैकी २८ कसे पडतात, हे मी बाहेर सांगायला लागलो तर स्टाफरूममध्ये मला चहा मिळणार नाही. तामिळनाडूने २००६ च्या कायद्याने इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. मग नामक्कलच्या निवासी शाळांची चलती झाली. अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन्ही वर्षं बारावीच घोकून घेण्यासाठी त्या गाजल्या. परीक्षा गेली, घोकंपट्टी राहिली.

आपल्याकडेही धरसोड कमी झालेली नाही. २०१४ आणि २०१५ ला आपण सीईटी सोडून देशपातळीवरची जेईई मेन धरली, २०१६ ला पुन्हा सीईटीवर आलो. २०२२ मध्ये आमच्या रत्नागिरीचेच मंत्री या खात्यावर असताना बारावीच्या गुणांना ५० टक्के वजन द्यायची घोषणा झाली. आम्ही खूश झालो. पुढच्या वर्षी प्रवेश पुन्हा सीईटीवरच झाले. आणि ज्या दशांशांवर मुलांचं आयुष्य ठरतं त्या परीक्षेत २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकले, ५ मे ला फेरपरीक्षा घ्यावी लागली. दशांशाला इतकं पवित्र मानू नये, एवढंच.

हाच वाद अमेरिकेत झाला. कोविडच्या काळात तिथल्या बहुतेक नामवंत विद्यापीठांनी सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर ती काढूनच टाकली. पण एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, हार्वर्ड यांनीही. डार्टमथचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. साध्या शाळांतली मुलं १६०० पैकी १४०० च्या आसपासचा गुणांक 'कमी आहे' म्हणून लपवत होती. प्रवेश देणाऱ्यांच्या हाती तो आला असता तर त्या मुलांचा फायदाच झाला असता, कारण तो गुणांक ते त्या शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून वाचतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सारख्याच गुणांकाच्या मुलांमध्ये अतिश्रीमंतांच्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते, हे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं. आपल्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, निदान कोणाच्या वडिलांचा फोन चालत नाही. पण शेजारी ठेवून वाचणं आपण शिकलेलो नाही.

आपल्याकडे भूगोल बघायचा म्हणजे 'होम युनिव्हर्सिटी', आपापल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी ठेवलेल्या जागा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात मुंबई विद्यापीठात. म्हणजे विजयदुर्गच्या खाडीकाठची मुलगी आणि दादरच्या क्लासमधला मुलगा, दोघं एकाच घरची! यावर हसायचं की काय, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मागणं असं की मेरिट लिस्टमध्ये पर्सेंटाइलशेजारी आणखी एक रकाना छापा: हा मुलगा आपल्या ज्युनिअर कॉलेजात आणि तालुक्यात कितवा आला. माहिती तुमच्या संगणकात आहे, खर्च काही नाही. आणि सीओईपी, व्हीजेटीआय, आयसीटी अशा संस्थांमध्ये थोड्या जागा तालुक्यात पहिल्या येणाऱ्यांसाठी ठेवा. किमान पर्सेंटाइलची अट जरूर घाला. तेवढीही तयारी नसलेल्या मुलाला तिथे पाठवणं म्हणजे त्याला बुडवणंच. टेक्सासने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी दिली होती, आपण त्यापेक्षा बरंच कमी मागतोय.

यातली चोरवाट मीच सांगून ठेवतो. असा नियम आला की दुसऱ्या दिवशी क्लासवाले आमच्या तालुक्यात कागदोपत्री कॉलेज काढतील आणि पुण्याची मुलं देवगडची होतील. त्यामुळे अकरावी-बारावीची खरी हजेरी हवी. विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय शासनाने २०१८ मध्येच काढला होता. तो शोधून काढला तरी निम्मं काम होईल.

तिसरी गोष्ट लहान आहे. आमची मुलं सीईटीच्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पेपर माऊसने सोडवतात. तालुक्याला एक सराव केंद्र द्या, डिसेंबरपासून रविवारी उघडं. एप्रिलमध्ये देऊन उपयोग नाही, एप्रिलमध्ये आमची मुलं आंब्याच्या मागे असतात.

तोवर आम्ही आमच्या लॅबमध्ये सुरू केलंय. बारापैकी सात कम्प्युटर चालतात, आठव्याचा माऊस परवाच कणकवलीहून आणला. वीज असेल त्या रविवारी मुलं घड्याळ लावून बसतात. ती मुलगी आता जवळच्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग करते. सुट्टीत घरी आली की या मुलांना ती पाच सप्तमांशाचं गणित शिकवते. आधी पायऱ्यांनी, मग ५४ सेकंदांत.

आपला,
एक फिजिक्सचा मास्तर
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग