किल्ल्यांवर पराभवही सांगा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जागतिक वारसा यादीतील किल्ल्यांवर युद्धनीतीचा इतिहास, जय-पराजय दोन्हींसह, मांडण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या समितीने पॅरिसच्या बैठकीत आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. डोंगर, जंगल, खाडी आणि बेट यांचा लढाईसाठी कसा उपयोग करून घेतला, या विचारासाठी त्यांची निवड झाली. आपल्या शासनाने त्यासाठी घेतलेले कष्ट मोठे आहेत आणि त्याबद्दल मनापासून आभार.

पण गडावर गेलेल्या माणसाला तो विचार कुठे भेटतो? त्याला बांधकामाचं साल मिळतं, दरवाज्याचं नाव मिळतं, एखादी शौर्यकथा मिळते आणि भिंतीवर नावं न लिहिण्याची सूचना मिळते. हा गड इथेच का बांधला, तो कसा लढला, पुढे कशाने पडला, याबद्दल बहुतेक ठिकाणी चकार शब्द नसतो. मी अलिबागजवळच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. चौथीच्या मुलांना महाराज शिकवताना त्यांचे डोळे चमकलेले पाहिले. तीच मुलं मोठी होऊन गडावर जातात, फोटो काढतात आणि होती तेवढीच माहिती घेऊन उतरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खांदेरीचं उदाहरण घ्या, ते आमच्या दारातलं बेट आहे. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस महाराजांचा आरमारी अधिकारी मायनाक भंडारी माणसं आणि बांधकामाचं सामान घेऊन तिथे उतरला. मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर मराठ्यांचा तळ उभा राहू लागला, तेव्हा त्यांनी जहाजं पाठवून नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरायचा त्यांचा प्रयत्न फसला, त्यात त्यांचा एक अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेलं आणि ‘डव्ह’ हे त्यांचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, आपल्या हाती लागलं. इथवर आपण अभिमानाने सांगतो. त्याच दिवशी ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने तोफा डागून आपलं आरमार मागे रेटलं आणि आपली गलबतं खाडीत शिरली, हे मात्र कोणी सांगत नाही. तोफेला तोफ लावायची म्हटली तर आपण कमी पडलो होतो.

तरीही खांदेरी राहिली ती मराठ्यांकडेच. कारण उथळ तळाच्या हलक्या होड्या रात्रीच्या काळोखात वल्ह्यांवर बेटाला रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की शिडाची मोठी जहाजं जागच्या जागी अडकत, आणि खडकाळ उथळ पाण्यात शिरायची त्यांची छाती होत नसे. या होड्या आपल्या हाती लागत नाहीत अशी तक्रार इंग्रजांनी स्वतःच्याच पत्रांतून केली आहे. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी समेट करून जहाजं काढून घेतली. जंजिऱ्याच्या सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली आणि ते शल्य पुढे पुष्कळ वर्षं टोचत राहिलं, हेही त्याच कथेत यायला हवं.

थळच्या एका जुन्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या नाखव्याने, मला हे एकही कागद न दाखवता समजावलं होतं. खांदेरी आणि उंदेरीच्या मधोमध त्याने इंजिन मंद केलं, हात पाण्यात घातला आणि म्हणाला, “गुरुजी, उधाणाला इथे पाण्याला केवढी ओढ असते बघा. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत तेच पाणी मरतं. ठाऊक नसलेला माणूस रात्री इथे आला तर खडकावरच बसणार.” किल्ल्याच्या तटाइतकंच महत्त्व या पाण्याला आहे. बेटावर आजही गाड्यावर बसवलेल्या तोफा आहेत, त्या लोक कौतुकाने पाहतात. पाण्याकडे बघायला त्यांना कोणी शिकवत नाही.

आता काळ्या समुद्राकडे बघा. २०२२ साली युक्रेनकडे म्हणण्यासारखं आरमार उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं सोडून रशियाचं ‘मोस्क्वा’ हे ध्वजजहाज बुडवलं. पुढे स्फोटकं भरलेल्या, माणसाविना चालणाऱ्या छोट्या होड्या रशियन जहाजांवर सोडल्या. शेवटी रशियाला आपल्या ताफ्याचा मोठा भाग सेव्हास्तोपोलहून दूर नोव्होरोसिस्कला न्यावा लागला आणि ओडेसाची धान्याची जहाजं पुन्हा सुटू लागली. खांदेरीच्या होड्या धान्य-दारूगोळा नेत होत्या, या होड्या स्वतःच दारूगोळा आहेत. काळ बदलला, यंत्रं बदलली. पण मोठ्या आरमाराला हरवता आलं नाही तरी त्याला हवं तिथे मोकळेपणाने वावरू द्यायचं नाही, ही नीती दोन्हीकडे आहे. भारतीय नौदलाने २०१९ साली सेवेत घेतलेल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव उगाच दिलेलं नाही. हे एवढं सगळं त्या बेटावर उभं राहून दहावीच्या मुलाला सांगता येतं, महोदय.

रायगडाविषयी लिहिताना मन जड होतं, तरीही लिहितो. राजवाड्याची नुसती जोती पाहून लोक हळहळतात. वरचं लाकूडकाम कुठे गेलं याचा विचार फार थोडे करतात. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडासमोरच्या ठाण्यांवरून उखळी तोफांचा मारा केला. त्यांचे गोळे तटावर आदळत नाहीत, तटावरून आत पडतात. गडावर आग लागली आणि राजवाडा भाजून निघाला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. थोड्याच दिवसांत राजधानीचा गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. हा प्रसंग गडावर ठळकपणे मांडायला काय हरकत आहे?

डोंगर आणि तोफ यांची झुंज त्याआधी दीडशे वर्षं चालली होती. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरचे इंग्रज तोफ घेऊन आले. १६६५ साली दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून शेजारचा पुरंदर तोफांच्या टप्प्यात आणला. मुरारबाजी पडला, तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. या घावाची आठवण राज्यकर्त्यांनी नीट जपली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराच्या नियमांच्या ग्रंथात, स्पष्ट सांगितलं आहे की किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंगाने फोडावा, नाहीतर तोही बांधून ताब्यात ठेवावा. आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा, हेही त्यातलंच. गड एकट्याच्या भरवशावर नसे, हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्यात कारभार वाटलेला असे. म्हणजे पराभव पचवून, त्याचे नियम करून पुढच्या पिढीच्या हाती देणारी ही माणसं होती. त्यांच्या गडांवर आपण मात्र पराभवाचा उच्चारही टाळतो.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोठा धडा जिंजीत आहे, आणि तो आपल्याकडे सर्वांत कमी सांगितला जातो. १६७७ साली महाराजांनी दक्षिणेत जाऊन जिंजी घेतली. तेव्हा ती रायगडापासून फार लांबची गोष्ट वाटली असेल. १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले, रायगडही पडला. राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते थेट जिंजीला पोचले. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. तेवढी वर्षं मोगलांची मोठी फौज तिथे गुंतून पडली, आणि बाहेर संताजी घोरपडे, धनाजी जाधव त्यांच्या रसदेवर, खजिन्यावर, छावण्यांवर तुटून पडत राहिले. जिंजी अखेर पडली, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटले होते. राजधानी गेली तरी राज्य उभं राहिलं.

याच्याशेजारी १८१८ ठेवून बघा. किल्ले तेच, कडे तेच, पाण्याची टाकीही तीच. सिंहगड मार्चमध्ये गेला, लोहगड न लढता गेला, मेमध्ये रायगड गेला. पेशवा पळतीवर होता आणि बाहेरून वेढा फोडायला येईल अशी फौज उरलेली नव्हती. किल्ला एकटा लढत नसतो. त्याच्या बाहेर कोणीतरी मोकळं फिरत असेल, तरच आतल्यांच्या चिवटपणाला अर्थ येतो. मारिउपोलच्या अझोव्हस्ताल पोलाद कारखान्यात युक्रेनचे सैनिक २०२२ च्या मेपर्यंत झुंजले. त्यांनीही शत्रूची फौज आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवली, पण बाहेरून कुमक पोचू शकली नाही आणि शेवटी शस्त्रं खाली ठेवावी लागली. लोहगडावरच्या एका फलकावर जिंजी आणि १८१८ शेजारीशेजारी मांडले, तर पाहणारा माणूस मारिउपोलची बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचेल.

विजयदुर्गाबद्दल थोडकंच लिहितो, कारण ते आठवलं की अजून राग येतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज आली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. आंग्रे-पेशवे वादात चूक कोणाची यावर इतिहासकार भांडोत. पण आपल्या किनाऱ्यावरचं सर्वांत बळकट आरमार आपण परक्याच्या हाताने जाळून घेतलं. वर्षभराच्या आत वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते आणि १७५७ च्या जूनमध्ये प्लासीची लढाई झाली. विजयदुर्गाच्या तटावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला हे कळलं पाहिजे.

पराभव दाखवले तर लोकांच्या भावना दुखावतील, असं आपल्याला कोणी सांगेल. मला तसं वाटत नाही. पुरंदरचा तह आपण शाळेत शिकवतोच, त्याने महाराजांवरची श्रद्धा तसूभरही कमी होत नाही. पडलेला माणूस पुन्हा कसा उठला हे कळलं की आदर वाढतो. शिवाय आजच्या मुलांपुढे युद्ध रोज येतं. २०२५ च्या मेमध्ये आपल्या पश्चिम सीमेवर दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले, ते त्यांनी मोबाईलवर पाहिलं. यंत्र ज्याचं भारी तो जिंकतो, असा त्यांचा समज होतो. आणि गडावर त्यांना ऐकवलं जातं की शौर्य ज्याचं मोठं तो जिंकतो. पाणी, रसद, अंतर, वेळ, सोबती यांचा हिशेब दोन्हीकडे गाळला जातो. २०२० च्या काराबाख युद्धात अझरबैजानच्या ड्रोननी आर्मेनियन तोफा आणि रणगाडे टिपले, आणि त्याच युद्धाच्या शेवटी कड्यावरचं शुशा हे शहर घ्यायला हलकी शस्त्रं घेतलेली माणसं पायी, कडा चढून गेली. १६७० च्या सिंहगडाची आठवण व्हावी असा तो प्रसंग. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले छात्र आजही सिंहगड चढतात. त्यांना जे समजावलं जातं त्यातलं थोडं सामान्य माणसाच्याही वाट्याला यावं, एवढंच मागणं आहे.

हे काम फार खर्चाचं नाही. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी त्या परिसराचा उठावाचा नकाशा हवा, ज्यात वाटा, पाणी, समोरचे डोंगर आणि तोफांचे टप्पे दिसतील. गडाने लढलेला प्रत्येक वेढा, जिंकलेला आणि हरलेला, साध्या मराठीत लिहिलेला असावा. निवृत्त सैन्याधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक यांच्याकडून वाटाड्यांना शिकवून घ्यावं, आणि जलदुर्गांसाठी तांडेलांना मानधन देऊन बोलवावं. सुशोभीकरणाच्या कामांना मात्र आवर घाला. दोन बुरुजांच्या आड लपवलेल्या गोमुखी दरवाज्यापुढची अरुंद, वळणाची वाट पेव्हर ब्लॉक घालून रुंद आणि सपाट केली, की हत्तीला धाव घ्यायला जागा का ठेवली नव्हती हे कोणालाच कळणार नाही. जिंजीसाठी तमिळनाडू शासनाशी बोलून तमिळ आणि मराठी दोन्ही भाषांत फलक लावता येतील.

बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यांच्यासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार लागेल, वेळ जाईल. पण साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार आपल्याच राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. तिथे कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. नारळी पौर्णिमेनंतर थळच्या बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. तेव्हा खांदेरीपासून सुरुवात करावी आणि त्याआधी आपल्या अधिकाऱ्यांची थळच्या तांडेलांबरोबर एक बैठक लावावी, ही विनंती. फलकांचा मजकूर लिहायला आणि तपासायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
अलिबाग, जि. रायगड