इस्त्रीला किती गुण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाखतीत उमेदवार दारातून आत येतो तेव्हाच अर्धा निकाल लागलेला असतो, हे मी ऐकीव सांगत नाही. टेबलाच्या अलीकडे बसून मीच तसं केलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी संचालक होतो. लिपिकाची एक जागा होती. मुलाखती ठेवल्या मे महिन्यात, दुपारी दोनला (कूलर आमच्याकडे होता). एक पोरगा मामाच्या गाडीतून उतरला. कडक इस्त्री, बोलणं सफाईदार. त्याच्यामागून आलेली मुलगी दोन एसट्या बदलून आली होती. दुपट्टा घामानं ओला, चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. बी.कॉम.नंतर दोन वर्षं घरी का होतीस, असं विचारलं तर पटकन बोलून गेली, "काहून का, बाबा बिमार होते." तिच्या वऱ्हाडी बोलीला आमच्यातले एक जण हसले. मीही हसलो. घरी मीसुद्धा 'काहून'च म्हणतो! पुढं रोजमेळाबद्दल, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीबद्दल, तिला एकही प्रश्न कोणी विचारला नाही.

पोराला घेतलं. चार महिन्यांत तो पुण्याला गेला आणि मागं राहिलेला रोजमेळ जुळवायला आमचे दोन रविवार गेले. त्याचा तरी काय दोष? रोजमेळाचं त्यालाही आम्ही विचारलं नव्हतं.

थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच दाखवलं होतं की, लष्करी अधिकारी ज्या सैनिकाच्या शरीरयष्टीला चांगले गुण देत, त्याच्या बुद्धीला आणि नेतृत्वालाही तसेच देत. आम्ही इस्त्रीवरून हिशेब ओळखला, एवढाच फरक.

केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण आमच्याकडच्या पोरांना काम मिळतं ते पतसंस्थेत, खासगी शाळेत, नाहीतर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात. तिथं मुलाखत चालूच आहे. चालू द्या, पण आधी प्रत्येकाला एक न जुळणारा रोजमेळ देऊन अर्धा तास बसवा. प्रश्न सगळ्यांना तेच विचारा. घेणाऱ्यांनी आपसात कुजबुजण्याआधी आपापले गुण कागदावर लिहावेत.

आणि मे महिन्यात एसटीनं आलेल्याला आधी पाणी द्या, दहा मिनिटं कूलरसमोर बसू द्या.

आपला,
एक माजी संचालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ