रोजची पिवळी आणि रविवारची पिवळी

महोदय,

माझी आई 76 वर्षांची. संधिवातानं बोटं वाकलीत, स्ट्रिपमधून गोळी काढणंही तिला जमत नाही. मी नोकरीवर, म्हणून मानेवाड्याच्या आमच्या घरी रुग्णांच्या देखभालीसाठी बाया पुरवणाऱ्या एका ब्यूरोतून बाई येते, सकाळी आठ ते रात्री आठ. मे महिन्यात नेहमीच्या मावशी गावी गेल्या नि बदली बाई आली.

आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिड, म्हणजे जीवनसत्त्वाची गोळी. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. दुकानातून स्ट्रिप कापून आणलेली, उरलेल्या तुकड्यावर नावाची तीनच अक्षरं. पाच दिवस रविवारची गोळी रोज आईच्या पोटात गेली. सहाव्या दिवशी तिला वरणाचं पाणीही गिळवेना, तोंडभर फोड. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या. नऊ दिवस ॲडमिट होती.

बाई रडत म्हणाली, "ताई, मावशीनं सांगितलं तशी रोज पिवळी गोळी देऊन राहिली होती मी." तिच्यावर रागावू कशी? दोघींचं बोलणं फोनवर झालं, कागद कुणाच्याच हाती नव्हता. तो मीच लिहून ठेवायला हवा होता. नर्सिंगच्या मुलींना शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ब्यूरोच्या बाईला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि गोळ्या मात्र तिनंच द्यायच्या.

त्याआधी एकीनं आईची बीपीची 'एक्सएल' गोळी कुटून दुधातून दिली होती. ती पोटात हळूहळू विरघळायची असते; कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी घ्यावी, खलबत्ता काढू नये.

आता पलंगाशेजारी तक्ता टांगलाय. गोळी आईच्या घशाखाली उतरल्यावरच खूण करायची, आधी नाही. मेथोट्रेक्सेट माझ्या कपाटात, कुलपात.

औषध दुकानदारांना हात जोडून विनंती: ही गोळी देताना पाकिटावर 'आठवड्यातून एकदाच' असं मराठीत लिहा, वार लिहा, स्ट्रिप कापलीच तर नाव शाबूत ठेवा. आणि ब्यूरोवाल्यांनी बाई बदलताना जुनी-नवी दोघींना रुग्णाच्या पलंगापाशी, तक्ता हातात घेऊन, दहा मिनिटं तरी एकत्र उभं करावं.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर