मॅडम, पाकीट अजून जपून ठेवलंय

मॅडम, नमस्कार. नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत.

बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी निबंधाची प्रॅक्टिस चालू होती, विषय घेतला आपला सांगलीचा आयर्विन पूल, आणि मी लिहिलं की 1929 सालचा हा पूल बघितला की 2019 च्या महापुराच्या आठवणी जाग्या होतात, तिथं वापरलं प्रोव्होक. क्लासमध्ये त्यावर नुसता लाल गोल करून मिळाला. का चुकलं ते कुणी सांगेना, आणि डिक्शनरीत बघावं तर इव्होक काय, प्रोव्होक काय, दोन्हीपुढं 'भावना जागृत करणे'!

विश्रामबागेत तुमच्याकडं आले तर तुम्ही लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उलटं केलंत, मधोमध पेन्सिलीनं लिहिलंत 'व्होकारे', लॅटिनमध्ये हाक मारणं, नि त्यातनं तीन बाण काढलेत. इव्होक म्हणजे आत निजलेल्याला हाक मारून बाहेर बोलावणं, म्हणून आठवणी, माया हे इव्होक. प्रोव्होक म्हणजे पुढ्यात उभं राहून डिवचणं, समोरचा गप्प बसूच शकत नाही, मग राग नाहीतर वाद (दरवेळी वाईटच असं नाही, थॉट प्रोव्होकिंग म्हणजे कौतुकच, हेही सांगितलंत). आणि इन्व्होक म्हणजे आवाहन, चतुर्थीला गुरुजी मूर्तीत देवाला बोलावतात तेच, आणि कोर्टात कायद्याचं कलम पुढं करतात तेही.

मग पेन्सिल खाली ठेवून सहज विचारलंत, पुरात कुठं होतीस ग? वरच्या मजल्यावर. किती दिवस? जेवण? आजी कशी होती? मी कधी कुणाला बोलले नव्हते ते सगळं सांगत गेले, अंधारात पाण्याचा आवाज, आजीच्या गोळ्या संपलेल्या, होडीला उशीर झाला म्हणून काका आलेल्या माणसांवरच ओरडले ते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हळूच म्हणालात, "बघ, मी एकेक विचारून तुझ्याकडनं हे काढून घेतलं, विहिरीतनं पाणी शेंदावं तसं, ते एलिसिट. होडीच्या उशिरानं काकांना चिडवलं ते प्रोव्होक. आणि पूल काही न विचारता तुला परत त्या रात्रीत नेतो, ते इव्होक."

त्या दिवसापासनं एकदाही गोंधळ झालेला नाही मॅडम. फी विचारली तर रागावलात, वर निघताना भडंगाची पुडी हातात दिलीत. पाकीट वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय, आणि निबंधातलं ते वाक्य घरी आल्या आल्या दुरुस्त करून आईला वाचून दाखवलं, ती पण बराच वेळ पुराचंच बोलत बसली.

मनापासून आभार.