युद्धोत्तर अमेरिकन कादंबरी शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी आपण आम्हाला युद्धोत्तर अमेरिकन कादंबरीचा पेपर शिकवलात. निरोप समारंभात आपल्याबद्दल चार शब्द बोललो होतो. पण अशा प्रसंगी जे बोलले जाते ते कोणत्याही शिक्षकाला लागू पडते. आपण नेमके काय दिलेत हे जाहीरपणे लिहावेसे वाटले, कारण हा पेपर आजही कित्येक ठिकाणी ‘थीम्स’ आणि ‘कॅरेक्टर स्केच’ यांच्या तयार उत्तरांपुरताच शिकवला जातो.

पहिल्याच तासाला आम्ही आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद यांच्या व्याख्या उतरवून घ्यायच्या तयारीने बसलो होतो. आपण मात्र सुरुवात केलीत ती अमेरिकेतल्या 1944 सालच्या एका कायद्यापासून. ‘जीआय बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यामुळे दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, सुमारे 22 लाख माजी सैनिकांनी महाविद्यालयांत प्रवेश घेतला आणि समकालीन कादंबरी वाचणारा, पुढे ती शिकवणारा मोठा वर्ग विद्यापीठांच्या आवारात तयार झाला. त्याच काळात लेखनही विद्यापीठात शिकवले जाऊ लागले होते. आयोवाची लेखन कार्यशाळा 1936 पासून सुरू होती. तिथूनच 1947 मध्ये पदवी घेतलेल्या फ्लॅनरी ओकॉनर यांची ‘वाइज ब्लड’ ही कादंबरी 1952 मध्ये आली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना त्या कायद्याचा लाभ बहुतांशी मिळू दिला गेला नाही, हेही आपण त्याच तासाला सांगितलेत आणि तिथून थेट रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकाकडे वळलात.

‘ब्लॅक बॉय’ हे राइट यांचे आत्मकथन. कादंबरीच्या पेपरात ते कशाला, असे वर्गात कुणीतरी विचारलेच. त्यावर आपण पुस्तकाच्या दोन आवृत्त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यात. राइट यांनी मुळात दोन भाग लिहिले होते: पहिला दक्षिणेतल्या बालपणाचा, दुसरा शिकागोतल्या आयुष्याचा आणि कम्युनिस्ट पक्षातल्या अनुभवांचा. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ या पुस्तक-मंडळाने निवड करताना फक्त पहिला भाग स्वीकारला आणि 1945 मध्ये तेवढाच छापला गेला. दुसरा भाग स्वतंत्र पुस्तक म्हणून 1977 मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी आला आणि दोन्ही भाग एकत्र वाचायला मिळायला 1991 उजाडावे लागले. आपण आम्हाला दोन्ही शेवट वाचायला लावलेत. पहिल्या आवृत्तीत नायक दक्षिण सोडून उत्तरेकडे निघतो आणि वाचक आशेने पुस्तक मिटतो. पूर्ण संहितेत तीच उत्तर त्याला वेगळ्या तऱ्हेने नागवते. कात्री कुणी चालवली, कुणाच्या सोयीसाठी चालवली आणि तिने पुस्तकाचा अर्थ कसा फिरवला, हे समजल्यावर ‘लेखकाला काय म्हणायचे आहे’ हा आमचा ठरलेला प्रश्न फारच भाबडा वाटू लागला.

या चर्चेत दलित साहित्याचा उल्लेख होणार हे उघड होते. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र आणि 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या नावामागचा ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा संदर्भ आपणच सांगितलात. मात्र, साम्य दाखवून उत्तर आटोपते घेण्याची मुभा आपण कुणालाही दिली नाहीत. राइट यांच्या मिसिसिपीची जातकुळी वेगळी, मराठवाड्याची वेगळी, आणि दोन्हीकडचे तपशील नीट माहीत असल्याशिवाय तुलनेला हात घालू नये, ही शिस्त त्या वेळी जाचक वाटली. प्रबंध लिहिताना तिनेच तारले.

टोनी मॉरिसन यांच्या 1970 सालच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या कादंबरीचे पहिले पान आपण ज्या रीतीने वाचून घेतलेत, ते मात्र सविस्तर सांगितलेच पाहिजे. शाळेच्या वाचनपाठातला एक उतारा तिथे तीनदा येतो: हिरवे-पांढरे घर, आई, वडील, डिक, जेन, मांजर, कुत्रा. पहिल्यांदा तो व्यवस्थित विरामचिन्हांसह छापलेला आहे, दुसऱ्यांदा विरामचिन्हे गळालेली आहेत आणि तिसऱ्यांदा शब्दांमधल्या जागाही नाहीशा झाल्या आहेत. आपण तिघांना उभे करून एकेक आवृत्ती मोठ्याने वाचायला सांगितलीत. तिसरी माझ्या वाट्याला आली. दुसऱ्या ओळीतच धाप लागली, शब्द कुठे तोडायचा कळेना आणि वर्गात हसू फुटले. हसणे ओसरल्यावर आपण एवढेच विचारलेत, की ओहायोतल्या लोरेन गावच्या, निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या पिकोलाला शाळेतले ते सुखी घर यांपैकी कोणत्या आवृत्तीत ऐकू येत असेल. त्या तासाला आपण एकही टिपण दिले नाहीत, आणि परीक्षेत त्या कादंबरीवर सर्वांत चांगली उत्तरे आमच्याच वर्गाने लिहिली, असे माझे प्रामाणिक, जरासे पक्षपाती मत आहे.

‘ऑन द रोड’ या कादंबरीचे लेखक जॅक केरुअॅक यांच्याबद्दल आपले आणि माझे जमले नाही. ही कादंबरी 1951 मध्ये कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर तीन आठवड्यांत टंकलिखित झाली, या दंतकथेमागे आधीच्या वह्या आणि 1957 पर्यंतचे पुनर्लेखन कसे दडले आहे, हे आपण उत्तम समजावलेत. तरीही त्या प्रवासात मागे टाकल्या जाणाऱ्या बायकांकडे पाहून मला ती कादंबरी आजही सहन होत नाही. तसे मी निबंधात लिहिले, पानोपानीचे दाखले दिले, आणि आपण त्या निबंधाला वर्गातले सर्वाधिक गुण दिलेत. शिक्षकाला आवडणाऱ्या पुस्तकाविरुद्ध लिहूनही गुण मिळतात, यावर माझ्या मैत्रिणींचा बराच काळ विश्वास बसत नव्हता.

ग्रंथालयात नसलेल्या पुस्तकांच्या स्वतःच्या प्रती, समासातल्या पेन्सिलच्या खुणांसह, आपण आम्हाला बिनदिक्कत घरी नेऊ दिल्यात. हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरमध्ये तरुणपणी काढलेली आपली टिपणेही झेरॉक्स करू दिलीत. आता मी स्वतः हा पेपर शिकवते आणि ती टिपणे माझ्या विद्यार्थ्यांच्या हातांत फिरत आहेत. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरे पुसट झाली आहेत. मूळ वह्या अजून आपल्याकडे असतील, तर दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्या नीट स्कॅन करून घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी